सासूच्या पाठीमागची जागा

आमच्या घरातली सगळ्यात मानाची जागा सासूच्या पाठीमागे आहे. घरात नव्हे, लग्नाच्या मांडवात. माझी सासू धवलारीण आहे. आगरी लग्नात विधी सुरू झाले की जे धवले म्हणतात, ते म्हणणारी बाई. भिवंडीजवळच्या आमच्या टेमघर गावात कुणाकडे लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी सासूला तारीख विचारायला माणूस येतो. ती मांडवात पाटावर बसते आणि तिच्या उजव्या खांद्यामागे आणखी एक बाई बसते. सासूने ओळ म्हटली की मागच्या बाईने ती झेलायची, शेवटपर्यंत धरून ठेवायची, म्हणजे तेवढ्यात सासूला श्वास घ्यायला मिळतो. आज जी झेलते ती पुढे कधीतरी स्वतः धवलारीण होते. गेली काही वर्षं त्या जागेवर माझी धाकटी जाऊ बसत होती. मी समोर खुर्चीवर असायचे, पाहुण्यांमध्ये, हातात सरबताचा ग्लास घेऊन.

खुर्ची मला मानाने दिली जायची. "मॅडमला खुर्ची दे रे," असं सासू मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची. मी भिवंडीतल्या एका कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवते, त्यामुळे घरात मी मॅडम. माझं माहेर नगरकडचं, लग्न आम्ही दोघांनीच ठरवलेलं, आणि लग्नानंतर पहिली काही वर्षं सासू मला पाहुणीसारखं वागवायची. पुढे तिची ती सवयच झाली. जाऊ मात्र खाडीकाठच्या गावातली. दहावीला दोनदा बसली आणि दोन्हीदा गणितात आपटली. आल्या दिवसापासून ती या घराची. सासू तिला मेले म्हणते, भवाने म्हणते, पाठीत धपाटा घालते. मला मात्र तब्येत विचारते.

मला तिचा हेवा वाटायचा. आडवळणाने सांगण्यात काही अर्थ नाही. दुपारी कॉलेजातून यावं तर मागच्या पायरीवर दोघी सुपात सुका जवळा घेऊन निवडत बसलेल्या असायच्या आणि काहीतरी गुणगुणत असायच्या. मी स्कूटर लावली की गुणगुणणं थांबायचं. "आयली मॅडम, चहा टाक गो," असं सासू म्हणायची, आणि जाऊ उठून आत जायची. म्हणजे माझ्या येण्याने काय झालं, तर गाणं बंद आणि चहा सुरू. सासूचे गुडघे धरले की दोघी एसटीने वज्रेश्वरीला कुंडात आंघोळीला जायच्या. मी गाडीने नेते म्हटलं तर सासू म्हणायची, "तुझी ड्युटी असते." रविवारी कसली ड्युटी? पण दोघींना एकमेकींबरोबर जायचं असायचं, आणि येताना माझ्यासाठी पेढे आणायचे. ते पेढे मी फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ढकलायचे.

धवल्यांवर माझा डोळा होता. एक तर मी वाङ्मय शिकवणारी. कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकगीतांवरचे लेख वाचलेले, आणि माझ्याच घरात एक बाई वहीत एक अक्षरही न लिहिता तासन्तास म्हणते, ते मला म्हणायला मिळत नाही. मी एकदा रेकॉर्ड करायला मोबाईल पुढे धरला होता. सासूने हाताने तो पालथा घातला. "धवला काय टीव्हीवरचा गाना हाय?" ती म्हणाली. "मांडव नसला तर म्हनायचा नसतो." मग त्या मागच्या पायरीवर काय चालायचं, असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "मग मला शिकवा." ती म्हणाली, "शिकवायचा नसतो. पाठीमागं बसायचा असतो." बस म्हणाली मात्र नाही.

त्याच सुमारास आम्ही दोघं नवराबायको कशेलीला फ्लॅट बघत होतो. खाडीच्या बाजूला नवे टॉवर उभे राहिलेत, खालून दिवसभर कंटेनर जातात, पण वर बाराव्या मजल्यावर वारा छान लागतो. घरात अजून सांगितलं नव्हतं. नवऱ्याला ठाण्याची नोकरी जवळ पडणार होती. मला काय जवळ पडणार होतं, ते मी त्याला सांगितलं नाही. जिथे गुणगुणणं थांबायचं त्या पायरीपासून मला लांब जायचं होतं.

तृतीय वर्षाला त्या वर्षी एक नवी कादंबरी लागली होती. अलीकडचीच, फार जाडही नाही. इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या गावात एक विधवा बाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तिला दोन मुली. थोरली शिकलेली, लंडनला नोकरी करणारी, गाण्याचा कान अगदी तिखट. धाकटी आईजवळच राहणारी. एके दिवशी चहाच्या टेबलावर आई ऑर्गनची किल्ली, म्हणजे आपल्यामागे तो वाजवायचा हक्क, धाकटीच्या हातात देते. थोरली समोरच असते. ती काही बोलत नाही, चहा संपवते आणि निघून जाते. पुढची सगळी कादंबरी त्या न विचारलेल्या प्रश्नावर चालते. थोरलीला वाटतं, आईचा माझ्यावर जीवच नाही. ती येणं सोडते. आईला वाटतं, हिला आता आमची लाज वाटते. खरं काय ते फक्त वाचणाऱ्याला कळतं. आईची बोटं चुकायला लागलेली असतात, आणि ज्या मुलीला प्रत्येक चूक ऐकू येणार, तिला शेजारी बसवायची आईची हिंमत होत नाही.

ही कादंबरी मी फार मन लावून शिकवली. आमच्या वर्गाच्या मागच्या गल्लीत पॉवरलूम चालतात, त्यांच्या वरताण आवाज काढावा लागतो, आणि या कादंबरीला माझा आवाज आपोआप चढायचा. मुलींना मात्र काही केल्या ती किल्ली एवढी महत्त्वाची का, हे कळेना. ऑर्गन कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी, लूमवाल्यांच्या घरातली, म्हणाली, "मॅडम, उसने पूछा क्यों नहीं? पूछ लेती तो किताब ही खतम." सगळा वर्ग हसला. मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

मग मी म्हटलं, ऑर्गन सोडा. समजा एक धवलारीण आहे. तिला दोन सुना आहेत. मुली म्हणायच्या जागी सुना म्हटलं, आणि एकदा म्हटल्यावर तसंच पुढे सांगत गेले, कारण गोष्ट तशीच जास्त रंगत होती. थोरली शिकलेली, तिला खुर्ची. धाकटीला पाठीमागची जागा. थोरली समोर बसून सगळं बघते, हसते, सरबत पिते आणि आतून जळते. मुली वह्या मिटून ऐकायला लागल्या. एका मुलीने तर डोळ्याला ओढणी लावली. मी तासभर बोलत होते. थोरली घर सोडून जाते, धाकटी म्हातारीजवळ एकटी राहते, म्हातारी मेल्यावर थोरली येते आणि दाराला कुलूप लागलेलं असतं, तिथपर्यंत सगळं सांगून टाकलं. शिकवण्याचं असं समाधान मला फार कमी वेळा मिळालंय.

त्या वर्गातली एक मुलगी आमच्याच मागच्या आळीत राहते. तिने घरी जाऊन आईला गोष्ट सांगितली. आई दुसऱ्या दिवशी तांदूळ दळायला गिरणीवर गेली. गिरणीवर पीठ पडेपर्यंत बायकांना दुसरं काम काय असतं?

मला हे कळलं ते त्या बाईकडूनच. संध्याकाळी दूध आणायला गेले तर तिने मला गाठलं. "काय मॅडम, कशेलीला चाललीस म्हनं? तुझी सासू तुला धवल्याला बसवत न्हाय म्हनून?" मी म्हटलं, कोण म्हणालं? ती म्हणाली, "तूच बोललीस की कॉलेजात, पोरांसमोर. पोरगी रडत आयली घरी. बोलली, मॅडमचा लय हाल होतय." कशेलीचं तिला कसं कळलं देव जाणे, बहुतेक नवऱ्याच्या गाडीत टॉवरचा रंगीत कागद कुणीतरी पाहिला असणार. गोष्ट आणि कागद दोन्ही गिरणीत एकत्र दळून निघालं होतं, आणि माझ्या सासूच्या घरी पोचलं होतं. मी शिकवलेली कादंबरी आता टेमघरात माझी आत्मकथा म्हणून चालली होती.

घरी गेले तर सासू ओट्यापाशी बसून सुके बोंबील कापत होती. जाऊ पीठ मळत होती. मी तयारीतच होते. आता बोलणी बसणार, आणि खरं सांगते, मला ती हवीच होती. निदान मेले म्हणेल, भवाने म्हणेल. सासूने मान वर केली नाही.

"त्या पुस्तकातली थोरली परत येते काय?" तिने विचारलं.

"आई, ती गोष्ट इंग्लंडातली आहे," मी म्हटलं.

"मंग इंग्लंडात सासवा नसतात?"

"सासू नाही हो, आई आहे ती त्यांची. आणि आपल्याशी त्याचा काही संबंध नाही. अभ्यासाला लागलेलं पुस्तक आहे."

"येते काय परत, त्ये सांग."

"नाही येत. म्हातारी गेल्यावर येते."

सासूने पुढचा बोंबील घेतला. जाऊ मळायची थांबली होती. तिने एकदा सासूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग दुसरीकडे तोंड करून पुन्हा मळायला लागली.  मी म्हटलं फ्लॅटचं विचारतील, ते तर कुणी काढलंच नाही. पुढे बरेच दिवस घरात सगळे जरा जास्तच जपून वागत होते. सासू मला दोनदा चहा विचारायची. मी आपली मनात अर्थ लावत बसले. म्हातारीला घराची अब्रू गेल्यासारखं वाटतंय, म्हणून गप्प आहे. जाऊ घाबरली आहे, आपली जागा जाईल म्हणून. हा दुसरा अर्थ मला विशेष आवडला होता.

आमच्या शेजारीच माझ्या चुलत दिराचं घर. त्याच्या मुलाचं लग्न निघालं. हळदीच्या आधी सगळ्या बायका कामं वाटून घ्यायला आमच्या पडवीत जमल्या. वडे कोण तळणार, पीठ कुणाकडून, मटणाला किती माणसं. सगळं ठरत आलं तसं सासू म्हणाली, "यंदा पाठीमागं मॅडम बसंल."

 मी मुद्दाम जावेकडे बघितलं. तिचा चेहरा पडेल, निदान कानशिलं लाल होतील, असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "बरं जालं. मना वड्यांकडं बघता येल." आणि किती तेल लागेल ते मोजायला लागली. मी मनात म्हटलं, आव आणतेय. आतून जळत असेल. जळू दे, मी किती वर्षं जळले. कुणी काही म्हणो, मला त्या संध्याकाळी जिंकल्यासारखं वाटलं. म्हातारी घाबरली होती. मी जाईन म्हणून घाबरली आणि ज्या गोष्टीसाठी मी एवढी वर्षं तोंड मिटून बसले होते ती गोष्ट गिरणीवरच्या गप्पांनी मला मिळवून दिली. एका इंग्रज बाईने लिहिलेल्या कादंबरीचे माझ्यावर असे उपकार झाले. नवऱ्याला मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मग कशेलीचं काय कळवायचं? रविवारी बिल्डरला होकार द्यायचाय." मी म्हटलं, होकार दे. जागा मिळाली म्हणून मी काय वारा सोडून देऊ?

हळदीचे धवले मला तोंडपाठ होते. इतकी लग्नं समोर बसून ऐकलेले, त्यात नवल काय. स्कूटरवरून जाताना हेल्मेटच्या आत म्हणायचे. स्टाफरूमच्या बाथरूममध्ये नळ सोडून म्हणायचे. सूर बरा लागत होता. सासूने तालीम घेतली नाही. "बसलीस की येतय," एवढंच ती म्हणाली. जाऊ एकदा जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, तिच्या खांद्याकडं बघ. त्वांडाकडं न्हाय." मी म्हटलं, बघते. शिकवणीची मला गरज नव्हती.

हळदीच्या संध्याकाळी मी हिरवी नऊवारी नेसले. चुलत दिराच्या अंगणात मांडव, आणि मांडवाच्या मागे पत्र्याच्या आडोशाला चुली लावलेल्या. तिथे जाऊ आणि इतर बायका वडे तळत होत्या. बेंजोवाले आणि डीजेवाला पोरगा कडेला ताटकळत होते, कारण धवले संपेपर्यंत त्यांना वाजवू देत नाहीत. नवऱ्या मुलाला पाटावर बसवलं. सासूने डोक्यावरून पदर घेतला आणि पहिली ओळ उचलली. मी तिच्या उजव्या खांद्यामागे होते. मी ती ओळ झेलली आणि धरून ठेवली. समोरच्या खुर्च्यांमध्ये एक रिकामी होती, बहुधा माझी. तिच्याकडे बघून मला इतकं बरं वाटलं की दुसरी ओळ जरा जास्तच मोठ्याने झेलली गेली.

तेल, हळद, आंब्याची पानं, एकेक होत गेलं. माझा आवाज लागत चालला होता आणि मला मजा येत होती. दोनचार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एक जण दुसरीला म्हणालीसुद्धा, "मॅडमला येतय की."

आणि मग सासू थांबली.

आधी मला वाटलं, श्वास घेतेय. मी झेलायला तयार बसले होते, आणि झेलायला काही येत नव्हतं. सासू समोर बघत होती. तिच्या हातात हळदीची वाटी होती, अंगठा काठावरून नुसता फिरत होता. पुढची ओळ मला येत होती! हेल्मेटमध्ये मी ती शंभरदा म्हटली असेल. पण धवलारीण अडली की मागच्या बाईने ओळ उचलायची असते हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि खरं म्हणजे तोंडच उघडेना. वर्गात लूमच्या वरताण बोलणारी मी, मला त्या शांततेची भीती वाटली. सासूचा खांदा माझ्या हाताच्या अंतरावर ताठ झाला होता.

पत्र्याच्या मागून ओळ आली. मोठ्याने नाही. काम करता करता बाई गुणगुणते तशी, तेलाच्या चुरचुरण्यात मिसळून. सासूचा खांदा सैल झाला. तिने ती ओळ तिथूनच उचलली आणि अशी म्हटली की जणू मुद्दामच थांबली होती. मी झेलायला उशीर केला. मांडवात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बेंजोवाला मोबाईलमध्ये बघत होता.

हळद लावून झाली, पोरांनी डीजे सुरू केला आणि मी उठून सरळ चुलींकडे गेले. जाऊ कढईपाशी बसली होती, एका हातात झारा, दुसरा हात पिठाने भरलेला. बाकीच्या बायका हळद बघायला पुढे गेल्या होत्या. डीजेमुळे ओरडून बोलावं लागत होतं, ते माझ्या पथ्यावर पडलं.

"एक दिवस तुला गप्प राहवलं नाही ना?" मी म्हटलं.

तिने वर बघितलं. "काय जालं?"

"मुद्दाम गायलीस. सगळ्यांना कळावं म्हणून, की मी नुसती दिखाव्याला आणि खरी तू."

"ताई, आई अडकलेली."

"मी होते ना मागे!"

"तू गप व्हतीस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. वडा उलटावा तसं सांगून गेली. मग झारा कढईच्या काठावर ठेवून म्हणाली, "ती आताशा इसरते. मागच्या लग्नापासून लयच. म्हनून तर मी मागं बसत व्हते. झेलायला न्हाय, सांगायला. पायरीवर पन त्येच करतो आमी. ती एकदा सगला म्हनून बघते, कुठं तुटतय त्ये. तू आयलीस का गप होते. मॅडमला कळला तर काय वाटंल, बोलते."

 पत्र्याला टेकायला गेले तर पत्रा तापलेला.

"मग मला का बसवलं तिने तिथे?" मी विचारलं. "मी जाईन म्हणून घाबरली, हो ना?"

"ती कशाला घाबरते? ती तर न्हायच बोलत व्हती. थोरलीसमोर इसरले तर, बोलत व्हती. मीच लागले तिच्या मागं. बोलले, ताईला बसव, न्हायतर ती जाल कशेलीला. मी हाय पत्र्याच्या मागं, तू नको भिऊ."

म्हणजे ती जागा मला सासूने दिली नव्हती. गिरणीने नाही, कादंबरीने नाही. हिने दिली होती. एखाद्याने अंगावरची शाल काढून द्यावी तशी, आणि वर स्वतः तेलाच्या वाफेत बसून माझी राखणही केली. मला त्या क्षणी तिचे उपकार वाटायला हवे होते. मला वाटला तो हेवा, आधी कधी नव्हता इतका. तिला द्यायला काहीतरी होतं. म्हातारीचं विसरणं तिला ठाऊक होतं आणि त्याच घरात राहून मला नव्हतं. तिला माझा हेवा एकदाही वाटला नव्हता, आणि मी तिच्या चेहऱ्यावर तो शोधत बसले होते.

"तुला काय पडलंय, मी गेले काय आणि राहिले काय?" मी म्हटलं.

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्या पुस्तकातली धाकटी. ती एकटीच रहाते ना, म्हातारीजवल? गिरनीवर ऐकला मी."

"हो. पण तिचं फारसं काही नाही पुस्तकात."

"न्हाय कसा? किल्ली तिच्या हातात, म्हातारी तिच्या गल्यात, आनि थोरली रुसून लांब. तिचा काय जालं, कोनी लिव्हला न्हाय?" पिठाच्या हातानेच तिने नाक पुसलं. "आई उद्या मना पन इसरंल, ताई. तुझे हे कामाला जातात, आमचे हे कामाला जातात. घरात मी आनि ती. मना एकटीला न्हाय जमाचा. तुला जागा पायजे तर घे. कायमची घे. पन तू जाव नको."

एवढा वर्ग रडवला मी त्या थोरलीसाठी. धाकटी म्हणजे माझ्या लेखी किल्ली घेतलेला एक हात होता. परीक्षेला मी तिच्यावर टीपसुद्धा विचारली नव्हती.

कढईतला वडा काळा पडत होता. दोघींपैकी कुणीच तो काढला नाही. डीजे मध्येच थांबला आणि मांडवातून सासूची हाक आली, पुढच्या विधीला मला बोलवत होती. जाऊ माझ्याकडे बघत होती, उत्तर मिळाल्याशिवाय सोडणार नाही अशी. रविवार परवावर आला होता. नवऱ्याला मी होकार दे म्हणून सांगितलेलं. खाडीवरचा वारा माझ्या अंगाला आधीच लागलेला होता.

"नाही जात," मी म्हटलं. तेसुद्धा मला रागानेच म्हणता आलं.